वाचनमात्र

काही वर्षांपूर्वी सीमाभागातील एका छोट्या साहित्यमंडळात मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीवर व्याख्यान होते. ‘अडकित्ता’ हा शब्द ‘अडकणे’ या क्रियापदापासून आला असावा, कारण सुपारी त्यात अडकवून फोडतात, असे वक्त्यांनी सांगितले. टाळ्या झाल्या, आभारप्रदर्शन झाले आणि मंडळी चहाकडे वळली. तेव्हा मागच्या रांगेतील एक वृद्ध बाई शेजारणीस हळूच म्हणाल्या, “आमच्या शेजारच्या कानडी घरात सुपारीला अडकेच म्हणतात की हो.” त्या सायंकाळचे सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते. परंतु ते ना वक्त्यांपर्यंत पोहोचले, ना मंडळाच्या इतिवृत्तात नोंदले गेले.

अशा माणसाला आंतरजालावरील मराठी संकेतस्थळांनी एक समर्पक नाव दिले आहे : वाचनमात्र. तो नित्य येतो, सारे वाचतो, मनातल्या मनात दाद देतो, प्रसंगी विरोधही करतो; परंतु लिहीत मात्र काही नाही. आमच्या समीक्षेने लेखकाचा विचार केला, कृतीचा केला, रसिकाच्या आस्वादाचाही केला. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे आहे आणि तरीही जो गप्प आहे, त्या रसिकाचा विचार मात्र तिने फारसा केलेला नाही. तो आता करावा लागेल, असे आम्हांला वाटते. कारण मराठी वाचकाच्या बैठकीची जागाच पालटत आहे.

प्रथम या मौनाची योग्यता मान्य केली पाहिजे. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, ते उगाच नव्हे. नव्या बैठकीत आल्या आल्या बोलू लागणारा माणसाला रीत ठाऊक नसते. चार दिवस ऐकून घेणे हा विनयच होय. परंतु आपल्या परंपरेत श्रवण म्हणजे निव्वळ गप्प बसणे नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत श्रोते हे ग्रंथाचे एक पात्रच आहेत. ज्ञानदेव त्यांच्याशी बोलतात, त्यांच्याकडे अवधान मागतात, त्यांची मर्जी सांभाळतात. वारकरी कीर्तनात तर श्रोता आणि कीर्तनकार यांच्यामध्ये टाळकरी उभा असतो. तो निरूपण करीत नाही. पण ध्रुपद उचलण्यास तो नसेल तर कीर्तन उभे राहत नाही. श्रवणाकडून सहभागाकडे जाण्याची ही मधली पायरी आपल्या पूर्वजांनी घडवून ठेवली होती.

मुद्रणाच्या युगात ही पायरी वाचकाच्या पत्राने घेतली. १८४१ मध्ये भाऊ महाजनांनी मुंबईत ‘प्रभाकर’ काढले. त्या साप्ताहिकात १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे येऊ लागली. ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीचे होते. संख्येने एकशे आठ असलेली ही पत्रे पुढे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली आणि मराठी निबंधाच्या इतिहासात त्यांना अढळ स्थान मिळाले. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की आपल्या गद्यातील एक प्रमुख ग्रंथ नियतकालिकाला धाडलेल्या पत्रांच्या रूपाने जन्मास आला; आणि तो ज्या पत्रात आला, ते वाचकाचे पत्र वाया जाऊ न देण्याइतके लहान होते.

येथे थोडे गणित मांडतो. वाचक रागावणार नाहीत, अशी आशा आहे. आंतरजालाचे एक अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला : अशा समूहांत शंभरांतील नव्वद केवळ वाचतात, नऊ क्वचित लिहितात, आणि बहुतेक लेखन उरलेल्या एकाच्या हातचे असते. एक लाख माणसांच्या चौकात या हिशेबाने एक हजार लेखक मिळतात. चौक गजबजलेला दिसतो आणि नव्वद हजारांचे मौन कोणास जाणवत नाही. पण साठ माणसांच्या मंडळास तेच प्रमाण लावून पाहावे. लिहिणारा पाऊण माणूसही हाती लागत नाही! जे मौन मोठ्या चौकात निरुपद्रवी असते, तेच छोट्या मंडळात प्राणघातक ठरते. आमच्या प्रतिपादनाचा गाभा एवढाच आहे.

आणि बैठक छोटी होत चालली आहे, हे उघड दिसते. मराठीपुरते बोलायचे तर ‘मायबोली’ १९९६ मध्ये निघाली, ‘मनोगत’ २००४ मध्ये, ‘मिसळपाव’ २००७ मध्ये, ‘ऐसी अक्षरे’ २०११ मध्ये. पुढे फेसबुक-ट्विटरच्या अफाट चौकांनी यांतील पुष्कळ वाचक ओढून नेला. मात्र त्याच काळात उलट दिशेचा एक प्रयोग सुरू झाला. २०१६ मध्ये जर्मनीतील ओयगेन रोख्को यांनी ‘मॅस्टोडॉन’ नावाची व्यवस्था उभी केली. तिला एक मालक नाही. कोणीही आपला स्वतंत्र सर्व्हर उभारावा, त्याचे नियम आपण ठरवावेत, आणि तरीही इतर सर्व्हरांवरील माणसांशी बोलता यावे, अशी तिची रचना आहे. अशा देवघेवीचा सामाईक नियम २०१८ च्या जानेवारीत जागतिक मानक म्हणून मान्य झाला. २०१९ च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा २०२२ च्या अखेरीस ट्विटरला कंटाळलेली अनेक माणसे तिकडे वळली; पहिल्या लाटेत तर भारतीयांचा भरणा ठळक होता.

आषाढी वारी पाहिलेल्यास ही रचना समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक दिंडीचा विणेकरी वेगळा, शिस्त वेगळी, मुक्कामाची व्यवस्था वेगळी. पण वाट एक आणि अभंगही तेच. दिंडीत ज्याप्रमाणे प्रेक्षक म्हणून चालता येत नाही, त्याप्रमाणे येथेही केवळ प्रेक्षक राहिल्यास फार थोडे हाती येते. मोठ्या चौकात आपण काय वाचावे हे यंत्र ठरविते, त्यामुळे मुक्या वाचकाचेही ताट भरलेले राहते. मॅस्टोडॉनवर आपण ज्यांना अनुसरतो, त्यांचेच लेखन काळाच्या क्रमाने समोर येते. कोणाचे लेखन पुढे पोहोचवावयाचे तर कोणीतरी ते हाताने पुढे द्यावे लागते. म्हणूनच तेथे नवागताने प्रथम आपली ओळख लिहावी, असा प्रघात पडला आहे. आम्हांला तो फार सुसंस्कृत वाटतो.

आता समीक्षकाचा खरा प्रश्न : या सहभागाला वाङ्मयीन मूल्य आहे काय? आहे, परंतु सरसकट नाही. मराठी संकेतस्थळांवर मूळ लेखास ‘धागा’ आणि त्याखालील लेखनास ‘प्रतिसाद’ म्हणतात. प्रतिसादांत ‘पुलेशु’ नावाचा एक प्रकार आहे. ‘पुढील लेखनास शुभेच्छा’ याचे ते लघुरूप. लग्नातील आहेराच्या पाकिटासारखा तो असतो : द्यावा लागतो म्हणून दिला, आत काय आहे ते कोणी पाहत नाही. आमच्या मते पुलेशु हे मौनाचेच दुसरे रूप आहे. याउलट एखाद्या पाककृतीच्या धाग्याखाली कोणी कोकणातील रीत सांगतो, कोणी खानदेशातील, आणि चार ओळींच्या मूळ कृतीभोवती एका पदार्थाचा भूगोल उभा राहतो. ‘ऐसी अक्षरे’वर प्रतिसादांना ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘रोचक’, ‘अवांतर’, ‘खोडसाळ’ अशा श्रेणी देण्याची सोय केली गेली, ती आम्हांला उद्बोधक वाटते. ज्या लेखनाचे गुणदोष सांगणारे शब्द वाचकांना लागू लागतात, तो एक वाङ्मयप्रकार झाला असे समजावयास हरकत नाही. आमच्या पुरती कसोटी सांगतो : चांगला प्रतिसाद मूळ लेखात नसलेली एक तरी गोष्ट आणतो, तिच्याहून अधिक आणल्याचा आव आणीत नाही, आणि पुढच्याला उत्तर देण्यास जागा ठेवतो.

आम्ही स्वतः कित्येक वर्षे वाचनमात्र होतो. मुख्याध्यापकाने चुकीचे लिहिले तर लोक काय म्हणतील, ही धास्ती होती. शेवटी एका लहानशा मंडळात खेळांविषयी चर्चा चालली असता आम्ही धीर करून विचारले : विटीदांडूत ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजतात, ते शब्द कोठले? मूंड आणि नाल आमच्या कानातील कानडी ‘मूरु’, ‘नाल्कु’ यांच्याशी जुळत होते; वकट आणि लेंड कशातच बसत नव्हते. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या एका मराठी वाचकाने उत्तर दिले : तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. पन्नास वर्षे तोंडात असलेला शब्द त्या दिवशी आम्हांला उलगडला. उत्तर देणाऱ्या गृहस्थांनी त्याआधी तेथे कधी काही लिहिले नव्हते. दोन वाचनमात्रांनी मौन सोडले, तेव्हा हे घडले.

या छोट्या मंडळांचे दोषही सांगितले पाहिजेत. ती लवकर आपसांतली होतात. त्यांचे विनोद बाहेरच्यास कळत नाहीत, आणि रुसवेफुगवे मोठ्या चौकापेक्षा खोल जातात. त्याहून गंभीर गोष्ट ही, की सर्व्हर चालविणारा बहुधा एखाददुसरा हौशी माणूस असतो. त्याचा खर्च, त्याचा वेळ, भांडणे मिटविण्याचा त्याचा धीर यांस मर्यादा असते. तो थकला की सर्व्हर बंद होतो आणि त्यावरील लेखनही अनेकदा लोप पावते. पण या दोषांवरील उपायही सहभाग हाच आहे. वर्गणीतील वाटा उचलणे, नवागताला रीत समजावणे, जुने लेखन जतन करणे, हीही टाळकऱ्याचीच कामे होत.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला या विचाराची निकड अधिक आहे. बेळगाव, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी ही शेजारच्या भाषांच्या अंगणात वाढलेली मराठी आहे. तिच्यातील शब्द, खेळ, म्हणी, नातेसंबंधांची संबोधने यांची नोंद दूरच्या कोशकाराने कोठवर करावी? ती आपणच केली पाहिजे. आणि आपण तर चांगले श्रोते होण्यातच धन्यता मानली! याचा दोष आम्ही प्रथम आम्हां शाळामास्तरांकडे घेतो. हाताची घडी आणि तोंडावर बोट हा पहिला धडा आम्हीच दिला. पुढे साहित्यसंस्थांतही व्यासपीठ आणि सतरंजी यांतील अंतर आम्हीच राखले.

तेव्हा सदस्यबंधुभगिनींना आमची सूचना अगदी माफक आहे. महिन्याच्या सभेत व्याख्यानानंतरची पंधरा मिनिटे श्रोत्यांची असावीत आणि त्यांत निघालेली प्रत्येक भर इतिवृत्तात उतरावी. ज्यांची मुले-नातवंडे दूर आहेत, त्यांनी आंतरजालावरील एखादे छोटे मराठी मंडळ निवडून तेथे आपली ओळख लिहावी, आणि महिन्याकाठी एक दुरुस्ती, एक प्रश्न किंवा एक शब्द तेथे ठेवावा. त्या वृद्ध बाई पुढे फार दिवस राहिल्या नाहीत. मंडळाच्या इतिवृत्तात त्या दिवसापुढे ‘व्याख्यान उद्बोधक झाले’ एवढेच लिहिलेले आहे.