दाखला आणि मनोगत

न्यायालयाचे निकालपत्र हा साहित्यविषयक नियतकालिकाचा विषय नव्हे, असे आमचे काही सभासद म्हणतील. आणि एरवी आम्हीही त्यांच्याशी सहमत झालो असतो. परंतु २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि उत्तर कॅरोलिना या दोन विद्यापीठांच्या प्रवेशपद्धतीसंबंधी जो निर्णय दिला, त्याच्या अखेरीस एक परिच्छेद असा आहे की, जो निबंध शिकविणाऱ्या व तपासणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी लक्षपूर्वक वाचावा. प्रवेश देताना उमेदवाराचा वंश विचारात घेणे घटनाबाह्य होय, असे विस्ताराने ठरविल्यानंतर सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स तेथे सांगतात की, वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवाराने स्वतः लिहिले असेल, तर ते वाचण्यास विद्यापीठास मनाई नाही. मात्र त्याचे श्रेय द्यावयाचे ते त्या व्यक्तीच्या धैर्यास व निश्चयास, वंशास नव्हे. पाठोपाठ अशीही ताकीद आहे की, निबंधाच्या आडून कोणी जुनी पद्धत पुन्हा चालवू नये.

थोडक्यात, अर्जातील रकान्यात खूण करून जे सांगता येत नाही, ते कथन करून सांगता येते. एका मोठ्या सामाजिक प्रश्नाचे ओझे न्यायालयाने एका वाङ्मयप्रकाराच्या खांद्यावर ठेविले आहे. तो वाङ्मयप्रकार हे ओझे पेलू शकेल काय, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि तो आमच्या अधिकारक्षेत्रातील आहे, असे आम्हांस वाटते.

ज्या धोरणास तिकडे 'अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन' म्हणतात, तो शब्द १९६१ च्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या नोकरीविषयक आदेशातून रूढ झाला. विद्यापीठांत त्याची पहिली मोठी कसोटी लागली ती १९७८ मध्ये, बाकी खटल्यात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने शंभर जागांपैकी सोळा जागा अल्पसंख्य गटांसाठी राखल्या होत्या. चार न्यायाधीश एका बाजूस, चार दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये एकटे न्यायमूर्ती पॉवेल. त्यांनी राखीव जागा रद्द ठरविल्या. परंतु विद्यार्थिवर्गात विविधता असणे हे विद्यापीठाच्या हिताचे असल्याने वंशाकडे एक अनुकूल बाब म्हणून पाहता येईल, असे म्हटले. आदर्श म्हणून त्यांनी पुढे केली ती हार्वर्डचीच पद्धत.

येथे जे घडले त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. मागील अन्यायाची भरपाई हे कारण बाजूला सरले आणि वर्गाचा लाभ हे कारण पुढे आले. कृष्णवर्णीय मुलाला प्रवेश मिळावा तो त्याच्या हक्कामुळे नव्हे, तर त्याच्या शेजारी बसणाऱ्या गोऱ्या मुलाचे शिक्षण अधिक समृद्ध व्हावे म्हणून! एका दुर्बलाचे घर वाचविण्यासाठी ते शेजाऱ्याला शोभा आणते असा युक्तिवाद करावा, तशातला हा प्रकार झाला. धोरण वाचले, पण त्याचा कणा गेला.

पुढे २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाविरुद्धच्या दोन खटल्यांचा निकाल एकाच दिवशी लागला. पदवीवर्गासाठी विद्यापीठ १५० गुणांच्या मापावर अल्पसंख्य गटांतील उमेदवारास वीस गुण अधिक देत असे. ते अवैध ठरले. कायदा महाविद्यालय मात्र प्रत्येक अर्ज समग्र वाचून वंशाचा विचार करीत असे. ते वैध ठरले. जे उघड मोजता येते ते त्याज्य, आणि जे परीक्षकाच्या मनात मुरते ते ग्राह्य! न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी तेव्हाच भिन्नमत नोंदविताना म्हटले होते की, डोळे मिचकावून केलेल्या गोष्टीपेक्षा उघडपणे जाहीर केलेली बरी. न्यायमूर्ती ओकॉनर यांनी आणखी पंचवीस वर्षांनी या धोरणाची गरज उरणार नाही अशी अपेक्षा व्यक्त केली होती. न्यायालय वीसच वर्षे थांबले. अशा रीतीने आकड्यावरून अनुकूलतेवर आणि अनुकूलतेवरून कहाणीवर, असा हा प्रवास पंचेचाळीस वर्षांत झाला.

२०२३ च्या निकालपत्रांकडे केवळ लेखन म्हणून पाहिले, तरी त्यांत विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. न्यायमूर्ती टॉमस यांच्या मतपत्राचा सारा आधार 'राज्यघटना रंग पाहत नाही' या सूत्रावर आहे. हे सूत्र १८९६ च्या प्लेसी खटल्यात न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने दिलेल्या भिन्नमतातील. ते धैर्याचे लेखन होते यात शंका नाही. पण ज्याने मूळ पाठ वाचला आहे त्याला ठाऊक असते की, त्याच परिच्छेदात गोरा वंश या देशात प्रतिष्ठेने व संपत्तीने वरचढ आहे व तसाच राहील, अशी ग्वाही आहे. आणि थोडे पुढे चिनी लोकांविषयी, ते इतके भिन्न की त्यांना नागरिकही होऊ देत नाही, अशा आशयाचा उल्लेख आहे. आज हे सूत्र ज्यांच्या गाऱ्हाण्यासाठी वापरले गेले, त्यांत आशियाई वंशाचे विद्यार्थी प्रमुख होते. घोषवाक्य म्हणून प्रवास करताना ते वाक्य आपला परिच्छेद मागे सोडून आले, एवढेच आम्ही म्हणू. संदर्भासहित स्पष्टीकरण आम्ही विद्यार्थ्यांकडून उगाच मागत नाही.

उलट बाजूस न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन. त्यांनी भिन्नमताच्या आरंभीच्या भागातच दृष्टान्त दिला आहे. उत्तर कॅरोलिनातील जॉन आणि जेम्स हे दोन उमेदवार. दोघांचीही घराणी विद्यापीठाच्या स्थापनेपासून त्याच भूमीत. जॉन गोरा, प्रवेश मिळाल्यास त्या विद्यापीठाचा पदवीधर होणारी त्याची सातवी पिढी. जेम्स कृष्णवर्णीय, त्याची पहिली. महानुभावांच्या दृष्टान्तपाठाशी परिचय असलेल्या आमच्या वाचकांना ही रीत अनोळखी वाटणार नाही. दृष्टान्त नेमका आहे, मनात राहतो. तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जॉन आणि जेम्स या दोघांनाही चेहरा नाही. आणि फिर्यादी पक्षाकडील जो तिसरा मुलगा, ज्याचे आईबाप अलीकडे आशियातून आले, त्याला या गोष्टीत जागाच नाही. दृष्टान्तात तिघे असते तर तो इतका सुबक राहिला नसता.

त्या तिसऱ्या मुलाचे गाऱ्हाणे आम्ही हलके मानत नाही. हार्वर्डमध्ये प्रत्येक अर्जास अभ्यास, खेळ इत्यादींबरोबर 'व्यक्तिमत्त्व' या सदरातही श्रेणी दिली जाई. खटल्यात उघड झाले की, अभ्यासात वरच्या श्रेणी मिळविणाऱ्या आशियाई वंशाच्या उमेदवारांना या सदरात गट म्हणून कमी श्रेणी मिळत होत्या. २०१९ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी यात हेतुपुरस्सर भेदभाव मानला नाही. मानला नाही हे ठीक. पण ज्या मुलाने अधिकाऱ्याला कधी पाहिलेही नाही, त्याच्या मनमिळाऊपणाला कागदावरून गुण द्यावयाचे, हे कोणत्या शास्त्रात बसते?

आणि हे सदर आले कोठून, हेही पाहण्यासारखे आहे. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करण्याचा विचार उघडपणे मांडला. त्यावर गदारोळ झाला आणि उघड मर्यादा बारगळली. परंतु अर्जात वडिलांचे नाव कधी बदलले होते काय असे विचारले जाऊ लागले, छायाचित्रे आली, शिफारसपत्रे आली, आणि केवळ परीक्षेतील गुणांपेक्षा 'चारित्र्या'चे महत्त्व वाढले. जेरोम कॅराबेल यांनी 'द चोझन' या २००५ च्या ग्रंथात हा इतिहास साद्यंत दिला आहे. समग्र व्यक्तिमत्त्व वाचण्याची ही पद्धत मुळात दार उघडण्यासाठी नव्हे, तर ते सभ्यपणे लावून घेण्यासाठी वाढली. पुढे त्याच किल्लीने दार उघडावयाचा प्रयत्न झाला, हे खरे. किल्लीला मात्र हात ओळखता येत नाही. माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदारांच्या परिचयातील मुले, प्राध्यापकांची मुले आणि क्रीडानिपुण मुले यांच्यासाठी ती केव्हाच झिजून गुळगुळीत झाली होती. खटल्यातील कागदपत्रांवरून अर्थशास्त्रज्ञांनी जो हिशोब केला, त्याप्रमाणे हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक या चार वर्गांतील होते. 'गुणवत्ता' हा शब्द ज्या सहजतेने उच्चारला जातो, त्यापुढे हा आकडा ठेवून पाहावा. इंग्रजीत गुणवत्तेच्या राज्यासाठी जो शब्द आज गौरवाने वापरतात, तो मायकेल यंग यांनी १९५८ मध्ये उपहासिकेतून प्रचलित केला होता. उपहास विरून शब्द तेवढा उरला.

आता निबंधाकडे येऊ. निकालानंतर हार्वर्डने त्याच वर्षी ऐच्छिक निबंध काढून पाच सक्तीची छोटी उत्तरे मागितली. पहिला प्रश्न जीवनानुभवाविषयीचा. मर्यादा दोनशे शब्द. पुढील वर्षी ती दीडशेवर आली. सारा लॉरेन्स महाविद्यालयाने तर सरन्यायाधीशांचे ते वाक्यच प्रश्नपत्रिकेत उद्धृत केले. आमच्यापैकी ज्यांनी शाळांतून 'पूरग्रस्ताचे मनोगत' किंवा 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' असले निबंध तपासले आहेत, त्यांना पुढचे सांगावयास नको. ज्याने पूर कधी पाहिला नाही तो मुलगा तीन पाने भरून काढतो; आकाश फाटते, गाय वाहून जाते, शेवटी आशेचा किरण दिसतो. आणि ज्याचे घर खरोखर पाण्याखाली गेले, तो चार ओळी लिहून थांबतो. त्या चार ओळींना आम्ही किती गुण दिले, हे ज्याचे त्याने आठवावे.

पण याहूनही गंभीर दोष त्या दोन शब्दांत आहे : धैर्य आणि निश्चय. या शब्दांनी निबंधाचे कथानकच ठरवून टाकले. दुःख यावे, मुलाने त्यावर मात करावी आणि अखेरीस तो अधिक समर्थ व्हावा. ज्याचे दुःख सामर्थ्यात रूपांतरित झाले त्याला दार खुले. ज्याला त्या दुःखाने मोडले, गप्प केले, वर्गात मागच्या बाकावर बसविले, त्याच्यापाशी या कथानकात बसेल असे काहीच नाही. अन्यायाचा घाव जितका खोल, तितका निबंध कच्चा. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी या सवलतीला डुकराचे ओठ रंगविण्याची उपमा दिली, ती आम्हांस काहीशी भडक वाटते; पण त्यांचा राग अस्थानी नाही.

मराठी वाचकास हे विशेष जाणवावयास हवे, कारण या प्रकारचे कथन म्हणजे काय हे आपल्या भाषेने पाहिले आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, म्हणजे बाकी निकालाच्याच वर्षाचे. त्यामागून १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा', १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी'. या पुस्तकांत धैर्य आहेच. परंतु लाज आहे, भय आहे, आपल्याच माणसांवरचा संताप आहे, स्वतःने केलेली तडजोड आहे. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली हकीगत दया पवारांना सांगतो. एकच माणूस दोन होऊन बोलतो, कारण एका तोंडाने ते बोलवत नाही. प्रौढ लेखकाला ही फोड सुचण्यास अर्धे आयुष्य लागले. सतरा वर्षांच्या मुलामुलीने ते दीडशे शब्दांत, अनोळखी अधिकाऱ्यास प्रसन्न करण्यासाठी, मुदतीच्या आत करावे अशी ही अपेक्षा आहे.

आपल्याकडे या प्रश्नाने निराळी वाट धरली. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखल्या. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने शिक्षणातील तरतुदीला आधार मिळाला. येथे विद्यार्थी दाखला देतो. दाखल्याचे दोष आम्हांस चांगले ठाऊक आहेत. तो मिळविताना कचेरीत घालावे लागणारे खेटे, वर्गात होणारी कुजबूज, जन्मभर चिकटणारा शिक्का, आणि एकाच जातीतील सधन व निर्धन यांना एका मापाने मोजण्याचा आरोप, यांपैकी काहीही खोटे नाही. परंतु दाखला मुका आहे. तो मुलाला त्याच्या आईच्या अपमानाचे वर्णन करावयास सांगत नाही. त्याच्या मुकेपणात एक प्रकारचा आदब आहे, असे हे निकालपत्र वाचल्यावर आम्हांस प्रथमच वाटले.

निर्णयाचे परिणामही एकसारखे दिसत नाहीत. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत नव्या वर्गातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण आधीच्या सुमारे १३ टक्क्यांवरून ५ वर आले. येल येथे ते १४ टक्केच राहिले. एकच कायदा, दोन वाचक. आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने काढलेल्या मार्गदर्शक पत्रात अडथळ्यांवर मात केल्याच्या कथनांकडेही वंशाचा छुपा पर्याय म्हणून संशयाने पाहिले आहे. आधी आकडा गेला, मग रकाना गेला. आता मनोगतावरही पहारा.

१९१३ मध्ये डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्याच्या बदल्यात बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. करार पाळण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्यास आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी वसतिगृहातून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पुढे अनेक वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आत्मकथनात त्यांनी हे लिहिले. त्यात मात केल्याचा प्रसंग नाही. ते कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.