मुक्या पडद्याची साथ

मुर्नाऊचा 'नोस्फेरातू' (१९२२) आम्ही दोनदा पाहिला. शिरूरला मित्राकडे, नव्याने चढवलेल्या ढणढणत्या संगीतासह. मग दौंडला घरी, आवाज बंद करून. शिरूरला दचकलो, दौंडला घाबरलो. जिन्यावर चढणारी ती सावली संगीताने आधीच पुकारली, की भीती संपते. साथ वाईट नसते. कुठे थांबावे हे न कळणारी साथ वाईट. न्यायालयाने नष्ट करायला सांगूनही हा चित्रपट वाचला. हान्स एर्डमन यांनी त्यासाठी रचलेले बरेचसे संगीत मात्र हरवले.

आपल्याकडेही मूकपटाला तबला-पेटीची साथ असे. बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'तला (१९२०) कीचकवध पाहून प्रेक्षक हादरले, हे नोंदले गेले. त्या वेळी तबल्यावर कोण होते, याची आठवण आपण ठेवली नाही. समीक्षेने ही चूक आता तरी सुधारावी.