दगडाचा देव कधी होतो?

दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिती. त्यांचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले. देव कशाने होतो, हा प्रश्न घेऊन ते वाचण्याची शिफारस आम्ही शिक्षकांना करतो. मात्र डोळे उघडे ठेवून.

कोसंबी केवळ पोथ्यांवर विसंबत नाहीत. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, खिंडी आणि शिवा त्यांनी पायी धुंडाळल्या. शेंदूर फासलेले तांदळे कोठे आहेत, जवळपास अश्मयुगीन बारीक हत्यारे मिळतात का, जुनी वाट कोणती, हे त्यांनी पाहिले. शेंदूर हा पूर्वीच्या बळीच्या रक्ताचा बदली, असे ते सांगतात. देवदेवतांच्या लग्नांत त्यांना वेगवेगळे समाजगट एकत्र आल्याची खूण दिसते.

या पद्धतीचे बळ उघड आहे. बांधावरचा दगड आणि शेजारचा म्हसोबा, दोन्ही बेसॉल्टच. प्रयोगशाळेत फरक सापडेल तो शेंदराचा, म्हणजे परंपरेने शिशाच्या ऑक्साइडचा. देवपण तपासायचे तर दगड नव्हे, त्याच्याभोवतीचा माणसांचा व्यवहार तपासावा लागतो.

परंतु आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला पुराव्याविषयी. ठाण्याजवळ हत्यारे सापडली, यावरून तेथे माणसे वावरत होती एवढे सिद्ध होते. ती तेथे पूजा करीत होती, आणि तीच पूजा हजारो वर्षे चालत आली, हे अनुमान आहे. पाणी आणि सोयीची वाट यांमुळेही दोन्ही गोष्टी एके ठिकाणी येऊ शकतात.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. देवाची कल्पना कशी घडली हे कळले, की देव नाही हेही ठरले, असा ग्रह हे पुस्तक वाचताना होतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पाचशेच्या नोटेचे उदाहरण घेऊ. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीनंतर जुनी नोट व्यवहारातून गेली. कागद तोच राहिला. नोटेचे मूल्य मान्यतेवर उभे असते, तरी ते खोटे नसते. गावाचा देव याच अर्थाने खरा आहे. मात्र मान्यता गेली तरी नोट चालेल असे कोणी म्हणत नाही. भाविक मात्र म्हणतो, की कोणी मानले नाही तरी देव आहेच. हा दावा कोसंबींच्या नोंदवहीने सिद्धही होत नाही आणि खोडलाही जात नाही.

तिसऱ्या प्रकारचा दावा मात्र तपासता येतो. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले, की चमच्यातील दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढले जाते आणि तिच्या अंगावरून खाली ओघळते.

वर्गात “दगडात देव असतो का?” असे मुलाने विचारले, तर हे तीन दावे वेगळे करून द्यावेत. हसून उडवून लावणे किंवा “असे विचारू नये” म्हणणे, दोन्हींनी प्रश्न मरतो. त्यापेक्षा मुलांना शिवेवर न्यावे: ठाणे कोठे, शेंदूर कोण लावतो, नैवेद्य कसला, कोणत्या दिवशी, देवाचे नाते कोणाशी. ही नोंद आस्तिक घरातील आणि नास्तिक घरातील मूल सारखीच करू शकते.