समजल्यासारखं वाटणं

लॉकडाउनच्या वर्षी मी बारावीला होतो. फिजिक्सचे व्हिडिओ दीडपट वेगाने पाहायचो आणि प्रत्येक व्हिडिओ संपला की वाटायचं, झालं, जमलं! परवा दहावीतल्या मामेबहिणीने विचारलं, "दादा, चेंडू वर फेकला. हातातून सुटल्यावर तो वर जात असतो, तेव्हा त्याच्यावर वरच्या दिशेने बल असतं का?" मी बेधडक म्हणालो, "असतं की. हळूहळू संपतं." तिने शांतपणे पुस्तक पुढे केलं. हवेचा विरोध सोडला, तर चेंडूवर एकच बल असतं: खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण. हे मी किमान पाच व्हिडिओंत पाहिलं होतं.

चूक माझी आहेच. पण 'शिकवणारा व्हिडिओ' हा प्रकारही एकदा तपासायला हवा, कादंबरीचा घाट तपासतात तसा.

सलमान खानने (खान अकॅडमीवाला, आपला भाईजान नव्हे) २००४मध्ये दूर राहणाऱ्या आपल्या कझिनला फोनवरून गणित शिकवायला सुरुवात केली. ती अडायची, चुकायची, तो परत विचारायचा. २००६पासून तेच धडे यूट्यूबवर आले. फायदा मोठा होता: कुणाला न विचारता, न लाजता तोच भाग दहादा ऐकता येऊ लागला. पण संवादातला एक आवाज गेला, आणि तो नेमका चुकणाऱ्याचा होता.

हे किती महागात पडतं, ते डेरेक म्युलरने दाखवलं. 'व्हेरिटासियम' चॅनेल पुढे त्याचंच. २००८मधल्या सिडनी विद्यापीठातल्या पीएचडीसाठी त्याने विद्यार्थ्यांना दोन प्रकारचे व्हिडिओ दाखवले. एकात सरळ, स्वच्छ स्पष्टीकरण. मुलं म्हणाली, छान, सोपं आहे. चाचणीत मात्र फारसा फरक नाही. दुसऱ्यात आधी नेहमीचा गैरसमज बोलून दाखवला होता आणि मग तो खोडला होता. मुलं म्हणाली, गोंधळ उडाला. पण जास्त शिकली तीच!

मला यात मी दिसलो. डोक्यात आधीच एक उत्तर तयार असतं. स्वच्छ व्हिडिओ त्याला धक्काच लावत नाही, आपण मान डोलावत राहतो.

म्हणून मला फेट जास्त आवडतं. नोबेल विजेत्या कार्ल वाइमनने २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेली ही सिम्युलेशन्स मोफत आहेत, मोबाइलच्या ब्राउझरवर चालतात, आणि बरीचशी मराठीतही आहेत. त्यातल्या विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये बहिणीने बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या वायरने जोडली. स्क्रीनवर चक्क आग लागली. ती दचकली, हसली, आणि स्वतःच म्हणाली, "मध्ये बल्ब हवा होता ना?"

तिथे कुणीच काही समजावलं नव्हतं. अर्थात, नुसतं सिम्युलेशन हातात दिलं तर मूल आग लावत बसेल, "असं का झालं?" विचारणारं कुणी शेजारी लागतंच.

नवं ॲप आलं की आपण ग्राफिक्स पाहतो, वेग पाहतो, शिक्षक किती भारी बोलतात ते पाहतो. मी आता एवढंच पाहतो: इथे मला चुकायला जागा आहे का? नसेल, तर ते कितीही देखणं असो, तो फक्त एक चांगला कार्यक्रम आहे आणि मी त्याचा प्रेक्षक.