खिंडार, ठिगळ आणि तीन सूचना

संगणकाच्या सुरक्षिततेविषयी शिक्षकांसाठी जी व्याख्याने होतात, त्यांत तीन सूचना हमखास असतात. विषाणूरोधक आज्ञावली बसवा, अनोळखी ई-मेल उघडू नका आणि संगणक अद्ययावत ठेवा. सूचना चुकीच्या नाहीत. पण त्यांमागचे कारण क्वचितच सांगितले जाते, आणि कारण न सांगता दिलेल्या सूचनेचे वर्गात काय होते हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको. परभणी जिल्ह्यातील ताडकळससारख्या गावच्या शाळेतही आज पगाराचे काम ‘शालार्थ’वर आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी ‘यू-डायस’वर होतात. कार्यालयातला संगणक बंद पडला तर शाळेचे कामकाज अडते. तेव्हा या तीन सूचना कितपत पुरतात, हे आपल्याच राज्यात घडलेल्या एका घटनेवर घासून पाहू.

२७ जून २०१७ रोजी जगभर एक हल्ला झाला. त्यात रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा येथे, जवाहरलाल नेहरू बंदरातील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या मालधक्क्याचे संगणक निकामी झाले. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे आणि कोणत्या जहाजावर चढायचा आहे, हे सारे संगणकालाच ठाऊक. कामे हाताने करण्याची पाळी आली. बंदर तेच, समुद्र तोच, पण शेजारचे दुसऱ्या कंपन्यांचे धक्के चालू होते. या धक्क्याचे संगणक मात्र डेन्मार्कच्या मार्स्क समूहाच्या जगव्यापी जाळ्याला जोडलेले होते, आणि ते जाळेच कोसळले होते. हल्लेखोर आज्ञावलीला पुढे ‘नॉटपेट्या’ हे नाव पडले. पडद्यावर ३०० डॉलरची खंडणी मागितलेली दिसे. पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय तिच्यात नव्हती. खंडणीचा नुसता मुखवटा होता, हेतू नाश करण्याचा होता.

ही आज्ञावली शिरली कोठून? कोणी अनोळखी ई-मेल उघडली म्हणून नव्हे. युक्रेनमध्ये ‘मीडॉक’ नावाची हिशेबाची आज्ञावली सर्रास वापरली जाते. तिच्या सुधारित आवृत्त्या जेथून पाठवल्या जात, ते सर्व्हरच हल्लेखोरांनी ताब्यात घेतले होते. म्हणजे ज्यांनी ‘अद्ययावत ठेवा’ ही सूचना इमानाने पाळली, त्यांच्याच घरात चोर शिरला. दुसरी सूचना येथे गैरलागू ठरली आणि तिसरी उलटली.

तरीही तिसरी सूचना टाकाऊ ठरत नाही, आणि ते समजण्यासाठी खिंडार म्हणजे काय हे नीट पाहायला हवे. एकदा आत शिरल्यावर नॉटपेट्या एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई, ती एक वाट विंडोजमधील फाइली व छपाईयंत्रे सामायिक वापरण्याच्या जुन्या सोयीतून होती. त्या सोयीत बेरजेची चूक होती. समजा, वहीत १०,००० हा आकडा आहे आणि तो ९,९५० करायचा आहे. लिहिणाऱ्याने फक्त शेवटचे चार अंक बदलले आणि पहिला १ तसाच ठेवला, तर वहीत राहतील १९,९५०! विंडोजमध्ये नेमके असेच झाले होते. ३२ बिटांच्या संख्येचे खालचे १६ बिटच बदलले जात. जागा लहान राखलेली, माप मोठे नोंदलेले. त्यामुळे मजकूर आपली चौकट ओलांडून शेजारच्या जागेत लिहिला जाई. त्या जागेत काय पडावे हे बाहेरच्याने ठरवले, की संगणक त्याचा झाला.

मायक्रोसॉफ्टने या खिंडारावर १४ मार्च २०१७ रोजी ठिगळ दिले होते. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने याच खिंडारातून जगभर धुमाकूळ घातला, म्हणजे इशाराही मिळाला होता. ठिगळ आल्यापासून २७ जूनपर्यंत १०५ दिवस होते. ज्यांनी ते लावले नाही, त्यांच्यासाठी ती वाट उघडीच राहिली.

पण दुसरी वाटही होती. नॉटपेट्या संगणकाच्या स्मृतीतून परवलीचे शब्द उचली आणि तेच शब्द वापरून शेजारच्या यंत्रात जाई. त्यामुळे ठिगळ लावलेले संगणकही पडले. येथे आमचा मुख्य आक्षेप आहे. तिन्ही सूचना एकेकट्या संगणकाला उद्देशून आहेत; संस्थेचे संगणक मात्र एकमेकांना जोडलेले असतात. शाळेच्या संगणक-कक्षातील सर्व यंत्रांना एकच परवलीचा शब्द, तोही भिंतीवर चिकटवलेला, आणि त्याच जाळ्यावर मुख्याध्यापकांचा संगणक, हे दृश्य वाचकांना अपरिचित नसावे.

पहिल्या सूचनेतील ‘विषाणू’ हा शब्दही थोडा घोटाळा करतो. रोगाचा विषाणू निसर्गात बदलत राहतो. त्यावर कोणाची सही नसते. खिंडार मात्र माणसाने लिहिलेल्या ओळीत असते. ते सापडते, दुरुस्त करता येते, आणि दुरुस्त करणारा थांबला की कायमचे उघडे राहते. विंडोज एक्सपीची नियमित दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची जानेवारी २०२० मध्ये, विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. यंत्र उत्तम चालते म्हणून ते सुरक्षित आहे असे नव्हे.

मार्स्क सावरले कसे, ही हकीकत मराठवाड्यातील वाचकांनी अवश्य वाचावी. कोणत्या कर्मचाऱ्याला कशाची परवानगी, याची नोंद सुमारे १५० सर्व्हरवर होती आणि ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. एक पडला तर दुसरा आहे, हा हिशेब. सारे एकाच वेळी पुसले जातील हे कोणी धरले नव्हते. वाचला तो एकच, घाना देशातला. कारण? त्या वेळी तेथे वीज गेली होती! भारनियमनाला बोल लावण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हे वाचून हसू येईल. तेथील प्रत संदेशवहनाने पाठवणे फार वेळखाऊ ठरले, म्हणून चकती विमानाने इंग्लंडला नेली गेली. त्यानंतर दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

घानामध्ये अपघाताने जे घडले ते ठरवून करता येते, आणि त्याला पैसे थोडे लागतात. निकालपत्रके, दाखल्यांची नोंदवही, सेवापुस्तकांच्या प्रती एका वेगळ्या चकतीवर उतरवायच्या आणि ती चकती संगणकापासून काढून कपाटात ठेवायची. जोडलेलीच राहिली तर ती प्रत नव्हे. कार्यालयाचा संगणक मुलांच्या कक्षाच्या जाळ्यापासून अलग करायचा. प्रत्येक यंत्राचा परवलीचा शब्द वेगळा ठेवायचा. शाळेत किती संगणक, त्यांवर कोणती प्रणाली, तिची दुरुस्ती कधीपर्यंत मिळणार, ही यादी करण्याचे काम नववी-दहावीच्या मुलांकडे सोपवता येईल. ज्या यंत्राची दुरुस्ती थांबली आहे ते टंकलेखन शिकवायला खुशाल वापरावे, पण त्याची इंटरनेटची तार काढून. आणि दर सत्रात एकदा कपाटातली ती चकती दुसऱ्या, निर्धोक संगणकाला जोडून एखादे जुने निकालपत्रक उघडते का, ते पाहावे.