ठशाखालचा ठसा : वाचनाचा एक नियम

ठशावर ठसा मारलेलें नाणें वाचतांना वरच्या ठशावर थांबणें ही जशी चूक, तशीच खालीं दिसेल त्या अक्षरास पुरावा मानणें हीहि चूकच होय. इंग्लंडच्या बँकेचा १८०४ सालचा पांच शिलिंगांचा डॉलर पाहावा. बँकेनें १७९७ मध्यें स्पेनच्या आठ रेआलांच्या नाण्यांवर तिसऱ्या जॉर्जचें लहानसें मुख उमटवून तीं चालविलीं. परंतु खोट्या छापांचा सुळसुळाट झाल्यामुळें १८०४ मध्यें मॅथ्यू बोल्टनच्या सोहो येथील यंत्रांवर सबंध नाणेंच नव्यानें ठसविण्यांत आलें.

त्यावर पुसट 'देई ग्रातिया' दिसलें एवढ्यावरून खालचा ठसा स्पॅनिश ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. हे शब्द दोन्ही राजांच्या लेखांत आहेत. ती खूण दुहेरी ठोक्याचीहि असूं शकेल. 'कारोलुस', 'हिस्पान' अशा, वरच्या लेखांत मुळींच नसलेल्या शब्दांचे अवशेषच निर्णायक होत. 'एम्'वर लहान 'ओ' दिसल्यास टांकसाळ मेक्सिकोची; तिच्यासह पारख्याचीं 'एफ्. टी.' हीं आद्याक्षरें असल्यास काळ १८०१ ते १८०३. खालचें साल १८०४ नंतरचें निघालें तरी नाणें खोटें म्हणण्याची घाई करूं नये; कारण १८०४ हेंच साल घालून हे डॉलर १८११ पर्यंत पाडले गेले.

म्हणून वर्णन प्रसिद्ध करणारांनीं दिसलेलीं अक्षरें व तर्कानें भरलेलीं अक्षरें निरनिराळीं दाखवावींत. तसें न केल्यास एकाचें अनुमान दुसऱ्याच्या लेखांत पुरावा होऊन बसतें.