कानउघाडणी आणि कृपा : घसरलेल्या माणसाशी बोलायचं कसं?

मागच्या व्याख्यानात आपण ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'पाशी थांबलो होतो. आज त्याच्या उतारवयातला एक छोटा ग्रंथ वाचायला घेऊ या. त्याचं लॅटिन नाव 'दे कोरेप्तिओने एत ग्रातिआ', साध्या मराठीत 'कानउघाडणी आणि कृपा'. तो 426-427च्या सुमारास लिहिला गेला. पानं थोडी आहेत, पण त्यातला प्रश्न घरात, शाळेत, चर्चमध्ये, कुठेही उभा राहतो : माणूस घसरला, तर त्याला बोलायचं, की त्याच्यासाठी नुसती प्रार्थना करायची?

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. पेलाजियस हा ब्रिटनहून आलेला तपस्वी. रोममधल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या शब्दाला वजन होतं. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात ऑगस्टीन देवाला विनवतो की तुझी आज्ञा पाळायचं बळही तूच दे. हे कुणीतरी ऐकवलं तेव्हा पेलाजियस खवळला, अशी आठवण ऑगस्टीननेच पुढे नोंदवली आहे. त्याचा राग समजण्यासारखा आहे. बळ देवानेच द्यायचं म्हटलं की आळशी माणसाला आयतं निमित्त मिळतं. 413च्या सुमारास देमेत्रियास नावाच्या एका थोर घराण्यातल्या मुलीने संन्यस्त जीवन पत्करलं, तेव्हा पेलाजियसने तिला लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा सूर असा : चांगलं वागण्याची शक्ती तुझ्या स्वभावातच आहे, देव अशक्य ते मागत नाही, तेव्हा कंबर कस.

ऐकायला उभारी देणारं आहे हे. पण हेच पत्र पाचव्यांदा घसरलेल्या माणसाच्या हातात द्या. त्याला त्यात एकच अर्थ दिसेल : तुला जमत होतं आणि तू केलं नाहीस. म्हणजे जी शिकवण उभ्या माणसाला धीर देते, तीच पडलेल्याला मोडते. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मतं नाकारली ती धर्मसिद्धान्ताच्या कारणांनी. आमची त्याच्यावरची हरकत मात्र साधी आहे : पडल्यानंतरच्या दिवसासाठी त्याच्यापाशी फारसं काही नाही.

मग ऑगस्टीनपाशी आहे का? तेच तपासू या, आणि तेही त्याच्या बाजूच्या लोकांनी आणलेल्या अडचणीतून.

हद्रुमेतुम म्हणजे आजच्या ट्युनिशियातलं सूस शहर. तिथल्या मठातल्या फ्लोरुस नावाच्या एकाला दुसऱ्या गावी ऑगस्टीनचं एक जुनं पत्र सापडलं. त्याची नक्कल मठात पोचली आणि तट पडले. माणसाच्या हातून जे चांगलं घडतं ते कृपेनेच, असं त्या पत्राचं सांगणं. ऑगस्टीनने समजावण्यासाठी एक ग्रंथ धाडला, पण तेवढ्याने भागलं नाही. कुणीतरी रोकडा सवाल टाकला : सगळं कृपेनेच होत असेल, तर मठाधिपतींनी आम्हांला रागवायचं कशाला? काय करायचं ते सांगावं, ते आमच्याकडून व्हावं म्हणून प्रार्थना करावी, आणि नाही झालं तर गप्प बसावं. जे आम्हांला मिळालंच नाही, त्यापायी बोलणी का खायची?

हसू नका. सवालात लबाडी असेल, पण तर्क पक्का आहे. हा ग्रंथ म्हणजे त्या सवालाला दिलेलं उत्तर.

पहिल्या भागातलं उत्तर फार चांगलं आहे. ऑगस्टीन म्हणतो, प्रेषितांनी तिन्ही गोष्टी केल्या. आज्ञा केली, कान उघडले आणि प्रार्थनाही केली. तिन्हींचं काम वेगवेगळं. आपल्यापाशी काय असायला हवं ते आज्ञेतून कळतं. ते नाही यात दोष आपला, हे बोलणी खाल्ल्यावर कळतं. आणि ते मिळायचं कुठून, हे प्रार्थनेतून कळतं. म्हणजे कानउघाडणी ही कृपेची सवत नव्हे. कृपा ज्या वाटांनी येते, त्यांतलीच ती एक वाट. ज्याला बोलणी नकोशी वाटतात, त्याला स्वतःचं रूप पाहायचं नसतं, म्हणून तर त्याला ती हवीत. लाज वाटली, टोचलं, तर तो प्रार्थनेकडे वळेल.

इथे आपल्याला 'शिक्षा' हा शब्द आठवतो. संस्कृतात तो शिकवण, आजच्या मराठीत दंड. आपल्या बायबलच्या भाषांतरांत दोन्ही छटा एकत्र भेटतात. ऑगस्टीनला इथे हवी आहे ती शिकवणारी शिक्षा.

याच ग्रंथात तो पेत्राचं उदाहरण घेतो. पेत्राचा विश्वास ढळू नये म्हणून ख्रिस्ताने प्रार्थना केली होती. तरी पेत्राने त्याच रात्री तीनदा नाकारलं. लूकच्या शुभवर्तमानात पुढचा तपशील आहे : कोंबडा आरवतो, प्रभू वळून पेत्राकडे पाहतो, आणि पेत्र बाहेर जाऊन रडतो. एक शब्दही न बोलता कान उघडले गेले. ती नजर दंडाची म्हणायची की कृपेची? वेगळं करून दाखवता येत नाही, आणि ऑगस्टीनच्या पहिल्या भागाचं सार तेच आहे.

आता टीका. पुढे ग्रंथ मठातून उठतो आणि थेट स्वर्गाच्या हिशेबाला बसतो. तारले जाणारे किती, ती संख्या ठरलेली आहे, कमी होणार नाही की वाढणार नाही. शेवटपर्यंत टिकून राहणं हेही देणं, आणि ते सगळ्यांना दिलेलं नाही. मग तीच कानउघाडणी निवडलेल्याला औषध ठरते आणि न निवडलेल्याला नुसती यातना. कोण कुठला ते आपल्याला ठाऊक नाही, म्हणून प्रेमाने सगळ्यांनाच बोलावं, असं तो म्हणतो. बोलणाऱ्याला हे 'ठाऊक नाही' नम्र करतं, हे खरं. पण ऐकणाऱ्याचं काय? पाचव्यांदा घसरलेला आता विचारील, माझ्या वाटणीला औषध आलं आहे की यातना? पेलाजियसने त्याला त्याच्या इच्छाशक्तीपाशी एकटं सोडलं. ग्रंथाचा हा भाग त्याला एका न दिसणाऱ्या यादीपाशी एकटं सोडतो. दोघांचा शेवट एकाच जागी होतो.

दुसरी गोष्टही नोंदवायला हवी. प्रेमाने केलेली सक्ती माणसाला सुधारते, याच युक्तिवादाने ऑगस्टीनने 408च्या सुमारास दोनातुसपंथीयांवरच्या राजसत्तेच्या बळजबरीचं समर्थन केलं होतं. बोलणाऱ्याच्या हाती सत्ता आली की 'प्रेमाने' हा शब्द तपासूनच घ्यावा लागतो.

हा ग्रंथ दक्षिण गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये पोचला, तेव्हा तिथल्या मठवासीयांची अस्वस्थता वाढलीच. मार्सेयचा कासियान, इजिप्तच्या वाळवंटात तपस्व्यांजवळ शिकलेला, मधली वाट सांगत होता : कधी माणसाची इच्छा आधी हलते, कधी देवाची कृपा. तत्त्व म्हणून ते डळमळीत असेल. पण रोज सकाळी तीच तीच माणसं, त्याच त्याच चुका पाहणाऱ्याचा तो अनुभव आहे.

त्या अनुभवाला सहाव्या शतकात बेनेदिक्तच्या नियमावलीत रूप मिळालं. अपराधी भावाला पंगतीतून आणि प्रार्थनेतून दूर ठेवायचं, ही शिस्त. पण सत्ताविसावं प्रकरण वाचा. मठाधिपतीने समजूतदार वडीलधाऱ्यांना गुपचूप त्याच्याकडे पाठवावं, दुःखाने तो पार खचून जाऊ नये म्हणून. सगळे उपाय हरले तर सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी, कारण तो त्याहून मोठा उपाय. आणि मठ सोडून गेलेला परत आला तर? तीनदा घ्यावं, तिसऱ्यांदापर्यंत. त्यानंतर दार बंद. तिथेही मर्यादा आहेच, पण दार कितीदा उघडणार हे त्याला आधीच सांगितलेलं आहे. कुठली गुप्त यादी नाही.

आमचं मत असं आहे. शिस्त किती आणि कृपा किती, अशी मापं काढत बसलं की हा वाद संपत नाही. बोलणी खाल्ल्यावर रात्री त्या माणसाजवळ कोण जाऊन बसणार, हे आधी विचारावं. कुणीच जाणार नसेल तर कानउघाडणी खरी असूनही ती नुसती यातना होते, आणि मग तिला देवाची निवड म्हणणं ही आपली पळवाट ठरते. ऑगस्टीनच्या पहिल्या भागात या प्रश्नाचं उत्तर अर्धं लिहिलेलं आहे. उरलेलं अर्धं बेनेदिक्तच्या त्या म्हाताऱ्या मठवासीयांनी पायाने चालून लिहिलं.

पुढच्या वेळी हीच नियमावली सविस्तर पाहू. तेवीस ते तीस ही प्रकरणं वाचून या. इथे थांबतो.